आडवं चुंबक

ऑरिस प्रुइटने उजव्या हाताचा अंगठा पेरापर्यंत इंजिनाच्या हेडमधल्या वाटेत, पोर्टमध्ये, घातला, आत गोल फिरवला आणि बाहेर काढून शर्टाला पुसला. डाव्या हातात तळलेल्या डुकराच्या मांसाचं सँडविच होतं. मांसाचा तुकडा पावाच्या दुप्पट, चहूबाजूंनी लोंबणारा. त्याने एक लचका तोडला आणि तोच अंगठा दुसऱ्या पोर्टमध्ये घातला.

"फडकं ठेवलंय तिथे," नदीन म्हणाली.

"मला पुसायचं नाही. बघायचंय."

"बोटाने?"

"बर्लसुद्धा बोटानेच बघायचा."

"बर्ल आधी हात धुवायचा."

शेजारच्या टेबलावर कार्ब्युरेटर मांडून बसलेला हार्लन बीझली खो-खो हसला. ऑरिसही हसला, पण अंगठा आतच होता.

नदीन टॅकेट घडीच्या खुर्चीत बसली होती. वय एकोणऐंशी, मांडीवर जाड शाल, डोक्याला रुमाल. एप्रिलमधला रविवार असला तरी, गाड्यांच्या जुन्या भागांचा बाजार भरलेल्या जत्रेच्या मैदानावर इंडियानाचा वारा कुठेही अडत नव्हता. ट्रकची मागची फळी खाली पाडून तिने तिच्यावर न्हाणीघरातला पांढरा टॉवेल अंथरला होता आणि त्यावर ती दोन हेडं ठेवली होती. ठेवली म्हणजे सकाळी हार्लनने ठेवली. इंजिनाच्या माथ्यावर बसणारी बिडाची झाकणं ती, एकेक वीस किलोचं. तिच्या नवऱ्याने, बर्लने, त्यांच्यातल्या हवेच्या आणि धुराच्या वाटा दोन महिने हाताने घासून रुंद केल्या होत्या. ही त्याची शेवटची जोडी. त्यानंतरच्या फेब्रुवारीत तो गेला. त्याला आता तीन वर्षं झाली होती.

टॉवेलजवळच्या पुठ्ठ्यावर तिने लिहिलं होतं: बर्ल टॅकेट. जोडी. चोवीसशे डॉलर. भाव होणार नाही.

सकाळपासून तो पुठ्ठा वाचून प्रत्येकाने भाव केला होता.

हे लोक तिला काही नवे नव्हते. लग्न होऊन ती बर्लच्या घरी आली तेव्हा त्या घरात दोन खोल्या होत्या आणि मागे कामाचं एक छप्पर होतं, आणि छपराखाली ही माणसं होती. त्यांची रीतही तीच. वस्तू हवी असली की आधी तिला नावं ठेवायची. बिडाला आता कोण विचारतं, सगळे अॅल्युमिनियमवर गेले. व्हॉल्व्हच्या बैठका झिजल्यात. एवढं घासलंय म्हणजे भिंत पातळ झाली असणार. मग मान हलवायची, उसासा टाकायचा आणि आपण उपकार करतोय अशा तोंडाने अर्धी किंमत सांगायची. हे सगळं तिला माहीत होतं. पण पूर्वी ते बर्लसमोर चालायचं. बर्ल हसायचा, कॉफी ओतायचा आणि किंमत शंभराने वाढवायचा. आता ते तिच्यासमोर चाललं होतं, आणि तिला ऐकू कमी येतं असं समजून थोडं मोठ्याने.

सकाळी एक जण आला. त्याने किंमत विचारली नाही, वाटांकडे पाहिलं नाही. गुडघ्यावर बसून त्याने कोपऱ्यातल्या शिक्क्याचे जवळून चार फोटो काढले. एकमेकांना चिकटलेले बी आणि टी, बर्लने स्वतः कोरलेला पोलादी ठसा.

"हा कशाला फोटो काढतोय?" तिने हार्लनला विचारलं होतं.

"उद्या याच्याकडेही टॅकेटची हेडं विकायला असतील म्हणून," हार्लन म्हणाला. "ओहायोत मी तीन जोड्या पाहिल्या. बर्लने मेल्यावर केलेल्या."

त्या शिक्क्याला किंमत होती ती उगाच नव्हे. बर्लकडे आलेलं प्रत्येक हेड तो घासण्याआधी आणि घासल्यावर तपासायचा. त्यात तडा निघाला तर तो पिना ठोकून दुरुस्त करायचा नाही, परतही द्यायचा नाही. मोठा हातोडा घ्यायचा आणि हेडचा बोल्टचा कान फोडून टाकायचा, म्हणजे ते पुढे कुणालाच विकता येऊ नये. एकदा केंटकीहून आलेला एक धिप्पाड माणूस अंगणात बसून रडला होता. आपल्या वडिलांच्या गाडीचं हेड, म्हणाला, असं दुसरं मिळणार नाही. बर्लने त्याला जेवू घातलं, पण हेड फोडलंच. "माझ्या हेडमध्ये पिना नसतात," एवढं एकच वाक्य तो आयुष्यभर बढाईने बोलला. तालुक्यातली माणसं तेच वाक्य त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची.

नदीनला जूनमध्ये फोर्ट वेनला मुलीकडे राहायला जायचं होतं. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर. "आई, लोखंड आणायचं नाही," असं तिने फोनवर आधीच सांगितलं होतं. छपराखालचं बाकीचं सगळं केव्हाच गेलं होतं. पण ही दोन हेडं तिने सामानाच्या खोलीत मैद्याच्या पिंपामागे जुन्या रजईत गुंडाळून ठेवली होती. ती बर्लच्या नावाने जावीत, बर्लच्या किमतीला जावीत आणि कुणाच्या तरी गाडीवर धावावीत. एवढं झालं की ती घराची किल्ली द्यायला मोकळी होती.

"पाचशे," ऑरिस म्हणाला. ओठाला सॉस लागला होता.

"वाचता येतं ना तुला?"

"अगं, मी मित्र म्हणून सांगतोय. कोण देणार चोवीसशे? इथे सगळे भिकारी जमलेत."

"त्यात तूही आलास की," हार्लन म्हणाला.

"तू तुझी डबडी विक रे!"

ऑरिस जुने भाग विकत घेऊन विकायचा. चाळीस वर्षं दर बुधवारी तो तिच्या टेबलावर जेवला होता. घेवड्याची उसळ आणि मक्याची भाकरी त्याला आवडायची, आणि ओव्हनमध्ये भाजलेला शुगर पाय असेल तर दोनदा मागायचा. बर्लला माती देऊन सगळे चर्चच्या तळघरात जेवायला बसले तेव्हा हाच ऑरिस हॅमची बशी हातात घेऊन तिच्या शेजारी येऊन टेकला होता. हळू आवाजात म्हणाला होता, "फार वाईट झालं गं. त्या हवा मोजायच्या यंत्राचं काय ठरवलंस?" त्या आठवड्यात तो तीनदा घरी आला. प्रत्येक वेळी हातात बायकोने केलेला केक, आणि डोळे फळ्यांवर फिरत. पाठोपाठ बाकीचे आले. गूळ सांडल्यावर माश्यांना बोलवावं लागत नाही. नदीनने त्या केकांमधला एक तुकडाही खाल्ला नव्हता. सगळे कोंबड्यांना घातले होते.

"ही टॅकेटची आहेत? खरी?"

विचारणारी तिशीची एक मुलगी होती. डोक्याला टोपी, अंगात दुधाच्या टँकरवाल्यांचा निळा कोट, खांद्याला आडवी पिशवी. ती वाकली, पण हात लावला नाही.

"हात लावू का?" तिने विचारलं.

सकाळपासून असं विचारणारी ती पहिलीच. नदीन खुर्चीतून उठली.

"लाव. नाव काय तुझं?"

"डार्सी व्हान्स. मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवते, जुन्या गाड्यांच्या गटात. माझे आजोबा तुमच्या मिस्टरांकडून हेड करून घ्यायचे, मिसेस टॅकेट. सांगायचे, बाकी सगळं खोटं निघालं तरी टॅकेटचा शिक्का खोटा निघत नाही." तिने टोपी मागे सारली आणि वाटेत डोकावली. "अरे बापरे! किती एकसारखं घासलंय. मशीनवर केल्यासारखं."

"मशीनला एवढा धीर नसतो," नदीन म्हणाली.

डार्सीने दोन्ही हेडं पाहिली. एकेक वाट, एकेक बैठक. पुठ्ठा वाचला आणि किमतीबद्दल एक शब्द काढला नाही. मग ओशाळल्यासारखी म्हणाली, "फक्त एक. राग मानू नका. दोन हिवाळे दुधाच्या जादा फेऱ्या मारून हे पैसे साठवलेत. इंजिन एकच आहे माझ्याकडे. तड्यासाठी तपासलंय ना?"

"शिक्का असताना हे विचारायचं नसतं, पोरी," हार्लन म्हणाला.

"विचारू दे," नदीन म्हणाली. "विचारायलाच हवं."

"मग मी आहे की!" ऑरिस म्हणाला. सँडविचचा उरलेला तुकडा त्याने एकदम तोंडात कोंबला आणि गाल फुगलेले असतानाच आपल्या गाडीकडे गेला. परत आला तेव्हा हातात चुंबकाची पेटी होती. हार्लनच्या जनरेटरला त्याने वायर लावली. दोन पायांचं विजेचं चुंबक, नालासारखं. ते बिडावर टेकवून बटण दाबायचं आणि मधल्या जागेवर रबरी फुग्यातून लोखंडाची विटकरी पूड उडवायची. बीड अखंड असेल तर पूड सैल राहते, फुंकर मारली की उडते. कुठे तडा असेल, केसाएवढा का असेना, पूड तिथे ओळीने उभी राहते.

भोवती सात-आठ माणसं जमली. तपासणी म्हटली की ही माणसं जमतातच, जणू कुणाच्या घरातलं भांडण खिडकीतून दिसतंय.

ऑरिसने पहिल्या हेडवर चुंबक ठेवलं. पूड उडवली, फुंकर मारली. एका हेडला चार कप्पे, एकेका सिलिंडरवर एक. पहिला कप्पा साफ, दुसरा साफ. तिसऱ्या कप्प्याशी तो थांबला, तिथली धूळ झटकावी तसा दोन बैठकांच्या मधून अंगठा ओढला आणि मग चुंबक टेकवलं.

पूड उडाली. फुंकर मारली. विटकरी रेघ तिथेच राहिली.

"अरेरे," ऑरिस म्हणाला.

कुणीतरी हळूच शीळ घातली. डार्सी सरळ उभी राहिली. तिचा हात पिशवीच्या चेनवरून खाली आला.

"बिचारा बर्ल," ऑरिस म्हणाला आणि टोपी काढली. "शेवटी शेवटी दिसत नव्हतं त्याला. आपण कुणाला सांगायचं नाही. नदीन, मी नेतो ही दोन्ही. पाचशे म्हटलं होतं ना, सहाशे देतो. दाराला टेकण म्हणून ठेवीन. त्याची आठवण."

नदीन त्या रेघेकडे पाहत होती. एक्केचाळीस वर्षं बर्लने चुंबक धरलं होतं आणि पूड तिने उडवली होती. बर्लचे दोन्ही हात गुंतलेले असायचे, म्हणून हे काम तिचं. कणकेचे हात पुसून ती मागे जायची, फुगा हातात घ्यायची. तड्याची रेघ कशी दिसते हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. ती सुईने ओढल्यासारखी असते, तिला टोकं असतात, ती वळते. ही रेघ जाड होती. गांडुळासारखी. आणि एका बाजूला तिला अंगठ्याचा आकार होता.

तिने शाल नाकाशी ओढली. रेघेमुळे नव्हे. तळणाच्या तेलाचा वास तिच्या टॉवेलपर्यंत आला होता, आणि तो आपल्या स्वयंपाकघरातल्या बुधवारांसारखा होता, हे तिच्या लक्षात आलं म्हणून.

"हार्लन," ती म्हणाली, "ब्रेक साफ करायचा फवारा आहे तुझ्याकडे?"

हार्लनने डबा आणून दिला. तिने तिसऱ्या कप्प्यावर फवारा मारला, स्वच्छ फडक्याने पुसलं, पुन्हा मारला, पुन्हा पुसलं. फडकं उलटून सगळ्यांना दिसेल असं टॉवेलवर ठेवलं. त्यावर पिवळट डाग होता.

"आता धर," ती ऑरिसला म्हणाली.

"अगं, कशाला पुन्हा..."

"धर."

त्याने चुंबक टेकवलं. तिने फुगा दाबला. पूड पसरली. तिने फुंकर मारली. वय झालेली ती फुंकर दोनदा मारावी लागली. खाली करडं, स्वच्छ बीड राहिलं, दुसरं काही नाही.

"तडा गेला कुठे रे, ऑरिस?" हार्लन म्हणाला. "सँडविचबरोबर गिळलास काय?"

माणसं हसली. ऑरिसही हसला. सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

"चरबी लागली असेल बोटाची. होतं असं कधी कधी! म्हातारा झालो मी. नदीन, तू रागावली नाहीस ना?"

हा माणूस लाजेलसुद्धा नाही, असं तिच्या मनात आलं. पुढच्या बुधवारी दार उघडलं तर हा आत येऊन बसेल आणि विचारेल, शुगर पाय केलाय का. आणि हसणारी ही बाकीची, यांच्यातल्या निम्म्यांना तो अंगठा ओढताना दिसला होता. तोंड उघडलं नव्हतं कुणीच. हार्लननेही नाही. बघू या म्हातारीला कळतं का, म्हणून सगळे थांबले होते.

"मी घेते," डार्सी म्हणाली. पिशवीची चेन उघडून तिने पाकीट बाहेर काढलं. "दोन्ही. सांगितलेल्या किमतीला."

"थांब जरा," नदीन म्हणाली.

"झालं की आता!" ऑरिस म्हणाला. "पोर पैसे देतेय, घे. गारठतेयस तू."

"अर्धी तपासणी म्हणजे तपासणी नव्हे. याने नुसतं उभं धरलं." ती आता डार्सीशी बोलत होती, पण ऐकवत होती सगळ्यांना. "चुंबक उभं धरलं की आडवे तडे दिसतात. उभे तडे लपून राहतात. म्हणून एकदा उभं आणि एकदा आडवं. आठही कप्पे. बर्ल असंच करायचा. तुला टॅकेटचं हेड मिळतंय, तर टॅकेटच्या पद्धतीने तपासून मिळेल."

चुंबक तिने स्वतःच्या हातात घेतलं. ते जड होतं, पण तिला कुणाची मदत नको होती. पहिल्या हेडचे चारही कप्पे तिने केले, उभे आणि आडवे. प्रत्येक वेळी फुंकर मारून ती बाजूला सरायची, जमलेल्यांना पाहू द्यायची. साफ. साफ. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. गालांवर ऊब आली होती. हिवाळ्यातल्या त्या जुन्या दुपारी आठवत होत्या, शेगडी, बर्लचा वाकलेला मानेचा मणका, आणि "मार फुंकर, नदीन" असं त्याचं म्हणणं. लोक पांगायला लागले. साफ हेड बघण्यात कुणाला गंमत नसते.

दुसऱ्या हेडच्या शेवटच्या कप्प्यापर्यंत ती आली तेव्हा फळीशी ऑरिसच तेवढा उरला होता. डार्सी हार्लनकडे दोरी मागत होती, हेडं बांधून न्यायला.

"पुरे ना आता," ऑरिस म्हणाला. आवाजात हसणं नव्हतं.

उभं धरलं. साफ.

तिने चुंबक फिरवलं, आडवं टेकवलं, पूड उडवली, फुंकर मारली.

दोन बैठकांच्या मधे मसुराएवढी वर्तुळं उमटली होती. एकाला लागून एक, नाजूक, साखळीच्या कड्यांसारखी.

तिने आणखी एकदा फुंकर मारली. वर्तुळं हलली नाहीत.

तडा गेलेल्या बिडात ओळीने भोकं पाडतात, भोकांत आटे पाडून लोखंडी पिना घट्ट पिळतात, डोकी ठोकतात आणि घासून सपाट करतात. यात पाप काही नाही. सांगून विकलं तर अर्ध्या किमतीला विकलं जातं, आणि घेणाऱ्याला माहीत असतं की कधी तरी इथून पाणी झिरपेल आणि इंजिन संपेल. नदीनने अशा पिना खूप पाहिल्या होत्या, दुसऱ्यांच्या कामातल्या. त्या बोटाला लागतात, उन्हात धरलं तर दिसतात. या पिना उघड्या डोळ्यांना दिसत नव्हत्या. तिने अंगठा फिरवला, बोटालाही काही लागलं नाही. एवढं एकसारखं घासणारा माणूस तिने आयुष्यात एकच पाहिला होता.

बर्ल ही जोडी करत होता तो नोव्हेंबर तिला आठवला. ती कणकेचे हात पुसून मागे आली होती आणि बर्ल दारातच उभा होता. "तू बस आत," तो म्हणाला होता. "थंडी आहे. आज मी एकटा बघतो." एक्केचाळीस वर्षांत तो एकदाच असं म्हणाला होता. स्वतः एवढा आजारी असून त्याने माझी थंडी पाहिली, असं तिला वाटलं होतं. चर्चमध्ये, शवपेटीशेजारी उभं राहून, तिने तीच गोष्ट सगळ्यांना सांगितली होती. बायका रडल्या होत्या.

कोपऱ्यात शिक्का होता, नेहमीसारखा सरळ.

ऑरिसचा हात पुढे आला. त्याने तिचंच फडकं उचललं आणि कप्प्यावरून एकदा सराईतपणे फिरवलं. वर्तुळं गेली.

"साफ!" तो मोठ्याने म्हणाला. "आठही साफ. ऐकलंस का गं पोरी? मी चुकलो. बर्ल टॅकेटचं हेड आहे शेवटी!"

मग वाकून, तिच्या कानाशी, "तुला काय वाटलं, अशी ही पहिलीच जोडी?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. दातात सँडविचमधल्या पानाचा तुकडा अडकला होता. डोळे ओलसर होते, प्रेमळ म्हणता येतील असे. खरं बोलत होता की नाही ते तिला कळेना. तडा दाखवतानाही त्याचं तोंड असंच होतं. त्याने तिच्या हातावर हात ठेवला आणि थोपटलं, घरातलं माणूस थोपटतं तसं. त्याचा तळवा अजून तेलकट होता. वर्षानुवर्षं तिने या माणसाला वाढलं होतं, मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि आपण त्याच्यासारख्या नाही हे तिला पक्कं माहीत होतं. आता तो तिच्या बाजूला उभा होता. तिच्या बाजूला तो एकटाच होता.

तिने हात काढून घेतला आणि शालीला पुसला. मग दुसऱ्यांदा पुसला.

डार्सी दोरी घेऊन आली. चेहरा फुललेला. "मोजून घ्या हं, मिसेस टॅकेट," ती पाकीट पुढे करत म्हणाली. "आजोबा असते तर ते ही हेडं उशाशी घेऊन झोपले असते."

"चष्मा लागतो तुला?" नदीनने विचारलं.

"नाही. का?"

"मग इकडे ये. अशी, माझ्या बाजूला. वाक."

"नदीन," ऑरिस म्हणाला. नुसतं नाव.

"मिसेस टॅकेट, मला पटलंय. खरंच गरज नाही."

"ये म्हटलं ना."

तिचा आवाज चढला असावा. हार्लनने मान वर केली. पलीकडच्या रांगेतले दोघे-तिघे पुन्हा वळले आणि यायला लागले. ती सगळी जवळ येईपर्यंत नदीन थांबली नाही, पण तिने घाईही केली नाही. फवारा मारला, पुसलं. चुंबक उचललं, आडवं टेकवलं, बटण दाबलं. दुसरा हात खाली आधाराला घेतला.

"फुगा तू दाब," ती डार्सीला म्हणाली.

पूड पसरली. फुंकरही डार्सीनेच मारली, तरुण छातीची, एकच. ती वाकली, आणखी वाकली. बराच वेळ तिची टोपी हलली नाही.

"मोज," नदीन म्हणाली.

डार्सीचे ओठ हलले. वाऱ्याने तो पुठ्ठा उलटा पडला. कुणी तो उचलला नाही.

"सात," ती शेवटी म्हणाली. अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"आठ," नदीन म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "एक पिन बैठकीखाली अर्धी गेली आहे. नीट बघ."